गरीला लागलेली नदी

दिवाळीची सुट्टी लागली की मालवणजवळच्या तारकर्ली-देवबाग रस्त्यावर एमएच १९ आणि एमएच १८ पाटीच्या गाड्या दिसू लागतात. रावेर-यावलची केळीवाली मंडळी, जळगावचे नोकरदार, धुळ्या-शिरपुरातले मास्तर. समुद्र पाहायचा, सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाऊन यायचं, पोरांना वाळूत मोकळं सोडायचं, असा त्यांचा जुना कार्यक्रम. अलीकडे त्यात एका गोष्टीची भर पडली आहे. पहाटे बोट ठरवायची, तांडेलाबरोबर, म्हणजे होडी चालवणाऱ्याबरोबर, दर्यात जायचं आणि चार-पाच तास गरीने मासे धरायचे. कोकणात याला गरवणं म्हणतात. परदेशात या हौसेवर मोठमोठ्या कंपन्या चालतात. देवबागला बोट, इंजिन आणि दर्याचं ज्ञान हे सगळं एकाच घरातलं असतं. काल त्याच होडीतून जाळं टाकलेलं असतं, आज तीत पाहुणे बसतात.

खानदेशातल्या माणसाने हा अर्धा दिवस एकदा तरी काढावा असं मला मनापासून वाटतं. मौज तर आहेच. पण तापीकाठी राहून आपल्या नदीबद्दल जे कधी कळत नाही, ते त्या चार तासांत कळतं.

आपला मासा

आपल्याकडे मासा म्हणजे गोड्या पाण्याचा. तापी, गिरणा, पांझरा यांच्या काठी भोई समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जाळी टाकली. आता धरणांच्या पाण्यात रोहू, कटला, मृगळ यांचं बीज सोडतात आणि मच्छीमार संस्था ठेक्याने मासेमारी करतात. पश्चिमेला नवापूरकडे उकाई धरणाचं पाणी आत शिरलं, तेव्हा शेती गेलेल्या आदिवासी कुटुंबांपैकी कित्येकांनी हातात जाळं घेतलं. समुद्राचा मासा मात्र आपल्या घरात यायचा तो वाळलेला. साक्री-पिंपळनेरच्या आठवडी बाजारात पोत्यावर मांडलेले बोंबील आणि सुकट, एवढीच आपली समुद्राशी ओळख. ताज्या पापलेटाची बर्फाची पेटी जळगाव-धुळ्यात पोचू लागली ती पुष्कळ नंतर.

त्यामुळे खानदेशी माणूस होडीत बसतो तेव्हा त्याच्यापाशी पाण्याची ओळख असते, पण ती थांबलेल्या पाण्याची. धरण भरलं का, किती टक्के भरलं, आवर्तन कधी सुटणार, याच भाषेत आपण पाण्याबद्दल बोलतो. दर्याचा हिशेब वेगळा असतो.

तिथीचं गणित

बोट ठरवायला गेलो तेव्हा तांडेलाने पहिला प्रश्न तारखेचा केला नाही, तिथीचा केला. आम्ही निघणार होतो तो दिवस अष्टमीचा. त्याने तिथल्या तिथे हिशेब केला: आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाच्या सुमाराला भरती पुरी. कोकणच्या किनाऱ्यावर हे ठोकळ गणित पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, अमावास्या-पुनवेला सव्वाअकराला. गावागावाप्रमाणे थोडाफार फरक पडतो, तो ज्याचा त्याला ठाऊक असतो. आता मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक मिळतं, होडीत जीपीएस असतं, तरी आधी बोटांवर तिथी मोजली जाते आणि मग मोबाइल पाहिला जातो.

अष्टमीचं पाणी हे भांगाचं पाणी. अमावास्या-पुनवेच्या उधाणासारखी त्याला ओढ नसते. तळाशी गरी सोडायची तर हे पाणी बरं. शिसं तळावर टिकतं, तंगूस म्हणजे गरीची दोरी वाहून जात नाही. शिवाय थंडीच्या दिवसांत पहाटे जमिनीकडून मतलई वारा सुटतो आणि दर्या बराच वेळ शांत राहतो. दुपारकडे वारा फिरतो आणि लाटा चढू लागतात. ही सफर अर्ध्याच दिवसाची का, याचं उत्तर या वाऱ्यात आहे. दहा-अकराच्या आत परत फिरलं की पाहुण्यांनाही त्रास होत नाही आणि इंधनही वाचतं.

खाडीचं तोंड

देवबाग ही एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र अशी अरुंद पट्टी आहे. तिच्या टोकाला नदी दर्याला मिळते. फायबरची होडी, मागे इंजिन, तांडेल, त्याचा पुतण्या आणि आम्ही चौघे. यावलकडचा एक केळीवाला शेतकरी, धुळ्याचे एक निवृत्त शिक्षक, त्यांची कॉलेजात शिकणारी मुलगी आणि मी. लाइफ जॅकेटचे पट्टे तांडेलाने स्वतः ओढून पाहिले, मगच नांगर उचलला.

संगमाजवळ आल्यावर त्याने इंजिन मंद केलं. नदीने आणलेल्या वाळूची पट्टी तिथे पाण्याखाली असते आणि तिच्यावर लाटा फुटतात. दरवर्षी पावसाळ्यात ही पट्टी जागा बदलते. काल मोकळी असलेली वाट आज असेलच असं नाही. तांडेल उभा राहून लाटा मोजत होता. मोठ्या लाटांची एक रांग जाऊ दिली, मग मधला शांत क्षण साधून एका दमात होडी बाहेर काढली. मागे वळून पाहिलं तर नदीच्या गढूळ पाण्याची आणि दर्याच्या हिरव्या पाण्याची सीमा स्पष्ट दिसत होती. त्या रेषेवर समुद्रपक्षी सूर मारत होते.

धुळ्याच्या मास्तरांनी ती रेषा बराच वेळ पाहिली आणि अहिराणीत विचारलं, "आपली तापी बी आठेच येस का?" इथे नाही येत, सुरतेजवळ डुमसला मिळते, मी म्हणालो. पण तिथेही अशीच रेषा असणार. किंवा असायला हवी.

तळाशी काय चाललंय

किनाऱ्याची माडांची रांग बारीक झाली तेव्हा पहिली गरवणूक झाली ती बांगड्यांची. एकाच तंगुसाला पाच-सहा छोट्या गऱ्या, प्रत्येकीला चमकदार धाग्याचा तुकडा. खाली सोडायचं आणि हात हलका वर-खाली करत राहायचं. बांगड्यांचा थवा खाली आला की एकदम दोन-तीन गऱ्यांना मासे लागतात आणि दोरी हातात थरथरू लागते. यावलच्या भाऊंना पहिल्याच वेळी तीन लागले. "काय रे भो!" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

हे बांगडे खायला नव्हते. तांडेलाने त्यातल्या एकाचे तिरपे तुकडे कापले, मोठ्या गरीला असे ओवले की टोक उघडं राहावं, आणि होडी निवतीच्या दिशेला खडपावर नेली. खडप म्हणजे पाण्याखालचे खडक. नांगर टाकल्यावर त्याने दोन वेळा जागा बदलली. खडपाच्या अगदी वर गरी टाकली तर ती अडकते आणि दूर टाकली तर मासा येत नाही. मासा असतो खडकाच्या कडेला, जिथून प्रवाह वळतो तिथे.

बराच वेळ काही लागलं नाही. मास्तरांना बोट लागली, ते आडवे झाले. तांडेलाने त्यांना उठवून बसवलं आणि नजर किनाऱ्यावर ठेवायला सांगितलं. एक शिंगाळा वर आला. त्याचे काटे विषारी असतात म्हणून पुतण्याने ओल्या फडक्यात धरून सोडवला. एक गोबरा आला, वीतभराचा. तांडेलाने गरी काढून तो लगेच पाण्यात सोडला. लहान मासा ठेवायचा नाही हा त्याच्या घरचा नियम आहे. आता सरकारनेही महाराष्ट्रात ५४ जातींसाठी किमान आकार ठरवून दिला आहे. राज्यमासा म्हणून २०२३ साली जाहीर झालेलं पापलेट १३५ मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर धरायचं नाही.

मग मुलीच्या हातातली दोरी एकदम खाली गेली. एकच झटका, आणि मग जड, हट्टी ओढ. ती घाबरून भराभर ओढू लागली तेव्हा तांडेल तिच्या मागे येऊन उभा राहिला. "घाय करू नका. तेका खेळाक देवा, मगे वढा." ओढ आली की दोरी सोडायची, ढिली पडली की गोळा करायची. दोरी बोटावरून घसरताना कापू नये म्हणून त्याने तिच्या तर्जनीला रबराची पट्टी गुंडाळली. बऱ्याच वेळाने पाण्याखाली तांबूस सावली दिसली आणि पुतण्याने जाळीची झोळी खाली घातली. तांब होती. विटकरी रंगाची पाठ, कडक मोठे खवले, पुढे आलेले सुळे. पकडताना हात तोंडाजवळ न्यायचा नाही, असं पुतण्या पुन्हा पुन्हा सांगत होता.

तांबेचं माहेर

तांब खडपावर सापडली तरी तिचं बालपण तिथलं नसतं. तिची पिल्लं खाडीत वाढतात, कांदळवनाच्या मुळांत, जिथे नदीचं गोडं पाणी आणि दर्याचं खारं पाणी मिसळतं तिथे. काही वर्षं ती त्या मचूळ पाण्यात, कधी थेट नदीतही राहते. मोठी झाली की खाडी सोडून बाहेरच्या खडपावर जाते आणि तिथेच अंडी घालते. त्या अंड्यांतून निघालेली पिल्लं पुन्हा खाडीकडे येतात.

कोळंबीच्या बऱ्याच जातींचं असंच आहे. अंडी दर्यात, पिल्लं खाडीत, मोठी झाल्यावर पुन्हा दर्यात. रायगडातला जिताडाही साधारण याच वाटेने जातो: वाढतो नदी-खाडीत आणि अंडी घालायला खाडीच्या तोंडाशी खाऱ्या पाण्याकडे उतरतो. या सगळ्यांना खाडी लागते, आणि नदी आल्याशिवाय खाडी खाडी राहत नाही. नदीचा गाळ नसेल तर कांदळवनाला पाय रोवायला चिखल नाही. नदीच्या पाण्यातून उतरणारी खनिजं आणि कुजलेला पाचोळा नसेल तर पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पतींना पोषण नाही; त्या नसतील तर त्यांच्यावर जगणारे बारीक जीव नाहीत, ते नसतील तर तारली-बांगडा किनाऱ्याजवळ येणार नाही, आणि तारली-बांगडा नसेल तर सुरमईही येणार नाही.

तांडेलाला हे शास्त्र म्हणून कुणी शिकवलेलं नाही. पाऊस कमी झालेल्या वर्षाबद्दल विचारलं तेव्हा तो म्हणाला, "नदीक हवूर इलो काय दर्याक खाणा मिळता." हवूर म्हणजे पूर. दर्यातलं सगळं अन्न नदीतूनच येतं असं नाही. पावसाळ्यात खोल थरातलं थंड, पोषक पाणीही वर येतं. पण किनाऱ्याजवळच्या माशांना, आणि त्यांच्यावर पोट असलेल्या लहान मच्छीमाराला, नदीचा पूर लागतोच.

आपली नदी कुठवर जाते

परतीच्या वाटेवर तापीचाच विषय निघाला. मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावणारी ही नदी ७२४ किलोमीटर वाहते. मुक्ताईनगर तालुक्यात चांगदेवजवळ तिला पूर्णा मिळते. पुढे वाघूर, गिरणा, बोरी, अनेर, मुडावदला पांझरा, प्रकाशाला गोमाई. या पाण्याच्या वाटेवर हतनूरचे ४१ दरवाजे आहेत, पुढे शेळगाव, सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा इथले बॅरेज आहेत. सीमा ओलांडली की १९७२ साली पुरं झालेलं उकाईचं प्रचंड धरण, त्याखाली काकरापारचा बंधारा, आणि खुद्द सुरतेत सिंगणपूरचा बंधारा.

एकेकाळी पावसाळ्यात हिलसा मासा समुद्रातून नर्मदेत आणि तापीत अंडी घालायला वर चढत असे. बंगालात ज्याच्यावरून भांडणं होतात तो हा मासा. काकरापार आणि उकाई झाल्यावर तापीतली त्याची वरची वाट बंद झाली. हिलसा पोहत चढतो, बांध त्याला ओलांडता येत नाही.

आपल्याकडच्या सभांत, पाणी परिषदांत, वर्तमानपत्रांत एक वाक्य आपण वर्षानुवर्षं ऐकत आलो आहोत: तापीचं पाणी समुद्रात वाया जातं. मीही ते ऐकत वाढलो. ज्या जिल्ह्यांत मार्चनंतर पांझरेत वाळू उरते, कपाशी करपते, टँकर येतो, तिथल्या माणसाला असं वाटणं स्वाभाविक आहे. आपल्या वाट्याचं पाणी अडवायलाच हवं, रखडलेले सिंचन प्रकल्प पुरे व्हायलाच हवेत, याबद्दल माझ्या मनात जराही शंका नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की समुद्राला मिळणारं सगळंच पाणी वाया जात नाही. त्यातल्या एका हिश्शावर दुसऱ्या कुणाची शेती चालते. ती शेती पाण्याखाली असते, म्हणून आपल्याला दिसत नाही.

जगात याचा दाखला आहे. इजिप्तमध्ये नाईलवर आस्वानचं मोठं धरण झालं आणि १९६० च्या दशकाच्या मध्यापासून नदीचा वार्षिक पूर भूमध्य समुद्रात जाणं थांबलं. १९६२ साली तिथल्या किनाऱ्यावर सुमारे १८,००० टन तारलीसारखा मासा मिळाला होता. १९६८ साली तो हजार टनांच्याही खाली आला. पुढे कित्येक वर्षांनी तिथली मासेमारी पुष्कळशी सावरली, पण त्यामागे मोठा हात होता शेतातून वाहून येणाऱ्या खताचा आणि शहरांच्या सांडपाण्याचा.

आपल्या वाडवडिलांची रीत

पाणी घ्यायचं आणि नदीही चालू ठेवायची, ही कल्पना परकी नाही. ती धुळे जिल्ह्यात पांझरेवर शेकडो वर्षं राबवली गेली. फड पद्धतीचे दगडी बंधारे आठवा. ठेंगणे, मजबूत, नदीच्या पात्रात आडवे. उन्हाळ्या-हिवाळ्यातलं पाणी ते पाटात वळवत आणि गावाच्या फडाला देत. कुठल्या फडात कुठलं पीक घ्यायचं, कुणाला किती पाणी द्यायचं, हे गाव मिळून ठरवे. पण पावसाळ्यात पूर आला की तो बंधाऱ्याच्या माथ्यावरून खाली निघून जाई. खालच्या गावाचा बंधारा भरे, तिथूनही पाणी पुढे जाई. अभियंते विश्वेश्वरय्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात धुळ्याकडे पांझरेच्या पाण्याचं काम करत घडले. पाणी वाटून घेणं ही खानदेशाची जुनी विद्या आहे.

त्या वाटपात शेवटचा वाटेकरी दर्या होता. कुणी त्याचं नाव घेत नव्हतं, तरी त्याला त्याचा हिस्सा मिळत होता.

जाणाऱ्यांसाठी

जायचं असेल तर थोडं सांगतो. भुसावळ-जळगावहून मंगला एक्सप्रेस थेट कोकण रेल्वेने रत्नागिरीला नेते. तिथून दुसऱ्या गाडीने कुडाळ आणि पुढे रस्त्याने मालवण-देवबाग. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तो माशांच्या विणीचा काळ आहे. पावसाळाभर पर्यटकांच्या बोटीही बंद असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. भाडं बहुधा बोटीवर ठरतं, माणशी नाही, म्हणून गरी, आमिष, इंधन आणि वेळ यांचं आधीच बोलून घ्यावं. मेरीटाईम बोर्डाचा परवाना आहे का हे विचारायला लाजू नये आणि लाइफ जॅकेट शेवटपर्यंत काढू नये. मे २०२२ मध्ये तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला होता. रिकाम्या पोटी जाऊ नये आणि तुडुंब जेवूनही जाऊ नये. तांडेल म्हणेल की परत फिरायचं, तर वाद घालू नये.

आणि त्याला विचारावं. गरी टाकून बसलात की वेळ भरपूर असतो. रापणीचं जाळं किनाऱ्यावर कसं ओढायचं, त्यात कुणाचा किती वाटा असायचा, मोठ्या पर्ससीन जाळ्यांनी आणि एलईडी दिव्यांनी लहान मच्छीमाराचं काय झालं, हे सगळं तो सांगतो. शासनाने ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनवर निर्बंध घातले, केंद्राने २०१७ साली एलईडी मासेमारीला बंदी घातली; तरी रात्री दर्यावर दिवे दिसतात, असं किनाऱ्यावर सगळे सांगतात. पाहुण्यांना गरवायला नेणं हा अशा घरांना जगण्याचा एक सरळ मार्ग आहे. एक गरी, एक मासा, लहान असेल तर परत. यात दर्याला ओरबाडणं नाही.

आमची तांब देवबागच्या घरी शिजली, तिरफळं आणि सोलं घालून. यावलच्या भाऊंनी पिशवीतून कळण्याच्या भाकरी आणि ठेचा काढला. तांडेलाच्या आईने भाकरीचा तुकडा मोडून खाल्ला आणि कशाची आहे ते विचारून घेतलं.

राष्ट्रीय जलनीतीने २०१२ सालीच सांगितलं आहे की नदीच्या प्रवाहाचा काही भाग पर्यावरणाच्या गरजांसाठी राखून ठेवावा. तापी खोऱ्याचं नियोजन करणाऱ्यांना, आपल्या लोकप्रतिनिधींना आणि पाणी परिषदा भरवणाऱ्यांना माझी विनंती आहे: शेतीचा वाटा मागा, पिण्याच्या पाण्याचा वाटा मागा, उद्योगाचा मागा, आणि त्याच कागदावर समुद्राचा वाटाही आकड्यात लिहा. गुजरातशीही हे बोलायला हवं, कारण शेवटचे बंधारे त्यांच्या हद्दीत आहेत. खानदेशाचा माणूस पाण्याची किंमत जाणतो. म्हणून हा हिशेब पुरा करण्याची पहिली मागणी खानदेशातूनच यायला हवी.